पिंगळा, कंदील आणि न जळालेलं पत्र

लंडनचं फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्युझियम: पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा म्युझियमचा नव्हे, बाईंचा आहे. का ते सांगते, पण आधी जायचं कसं ते.

वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरायचं, बिग बेनला पाठ करायची आणि पूल ओलांडायचा. पलीकडे उजव्या हाताला नदीकाठी पसरलेला मोठा दवाखाना दिसतो, तो सेंट थॉमस. म्युझियम त्याच्याच आवारात आहे. राजवाड्यासारखी इमारत शोधत गेलात तर चुकाल. अँब्युलन्स, व्हीलचेअर, डिस्चार्ज घेऊन टॅक्सीची वाट बघणारे पेशंट, हे सगळं ओलांडून जावं लागतं. मला ते फार आवडलं. नर्सचं म्युझियम फिनेलच्या वासापासून लांब असतं तर पटलंच नसतं.

मी तासगाव तालुक्यातली. सांगली जिल्ह्यातल्याच एका नर्सिंग स्कूलमधून जीएनएम केलं, मग मुंबईत पालिकेच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली आणि २०१९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला आले. ओएससीई, म्हणजे इथली प्रात्यक्षिक परीक्षा, पास होऊन पिन, म्हणजे नर्सचा नोंदणी क्रमांक, हातात पडतोय तोवर कोविड आला. त्यामुळे लंडन बघायचं राहिलं ते राहिलंच. यंदा आई सहा महिन्यांसाठी आली म्हणून निघालो. सोबत आमच्या वॉर्डातली एक सिनियर सिस्टर होती. तिची आजी जमैकाहून इथे नर्स म्हणून आली, आई नर्स, ही नर्स. तिला म्युझियममध्ये यायचं नव्हतं. "तुम्ही आत जा, मी बाहेर मेरीपाशी बसते," म्हणाली. मेरी कोण ते पुढे.

आत शिरल्यावर आई सगळ्यात आधी थांबली ती एका घुबडापाशी. तळहाताएवढं, पेंढा भरलेलं. "अगं बया, ह्यो तर पिंगळा! ह्येला कशाला काचंत घालून ठिवलाय?" तिचं बरोबर होतं. आमच्या चिंचेवर बसायचा तो पिंगळा आणि हा, एकाच कुळातले. १८५० साली अथेन्सच्या पार्थेनॉनपाशी पोरांच्या तावडीतून बाईंनी तो सोडवला, अथीना नाव ठेवलं आणि खिशात घालून सगळीकडे हिंडवला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो टोचायचा म्हणे. १८५४ मध्ये बाईंची क्रायमियाच्या युद्धावर जायची धांदल सुरू झाली, घरच्यांनी त्याला माळ्यावर ठेवला आणि तो मेला. बाई त्याच्यासाठी रडल्या. आईने हे सगळं माझ्याकडून मराठीत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मान्सांसाठी रडायची का?"

प्रश्न साधा नव्हता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे दिवा. लॅम्प लायटिंग, नर्सिंगच्या मुलींचा दिवे घेऊन शपथ घ्यायचा समारंभ, आठवतंय ना? पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्ही चाळीस जणी पांढऱ्या साड्या नेसून, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखे दिसणारे दिवे घेऊन ओळीने उभ्या होतो. मेण गळून माझ्या अंगठ्यावर फोड आला होता. तशात "नाइटिंगेलची शपथ" म्हणायची, इंग्रजीत, एका सुरात. इथल्या काचेतला दिवा बघितला आणि मी खो-खो हसले. तो तसला नाहीच. तो तुर्की कंदील आहे. खाली-वर पत्र्याची चकती, मध्ये चुण्याचुण्यांचं कापड, आत मेणबत्ती. दिवाळीला दादरला फूटपाथवर मिळतो तो घडीचा आकाशकंदील डोळ्यासमोर आणा, त्याचा मळकट थोरला भाऊ. वर्तमानपत्रातल्या चित्रांनी आणि पुतळे घडवणाऱ्यांनी त्याचा ग्रीक पणती-दिवा केला. वॉटर्लू प्लेसला बाईंचा १९१५ चा पुतळा आहे, त्याच्याही हातात तो चुकीचाच दिवा. आणि ती शपथ? तीही बाईंची नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटला, एका नर्सिंग स्कूलच्या मंडळींनी लिहिली आणि बाईंचं नाव दिलं. म्हणजे माझ्या अंगठ्यावरचा फोड तेवढा खरा.

म्हणून म्हणते, नर्स असाल तर जाच. आपल्याला शिकवलेली बाई आणि काचेतली बाई यांच्यातलं अंतर इथे पायांनी मोजता येतं. म्युझियम छोटं आहे, घाईच्या माणसाचं तासाभरात उरकेल. मी अडीच तास होते.

जास्त वेळ गेला तो आकड्यांपाशी. आम्हाला पाठ करवलं होतं की बाई ४ नोव्हेंबर १८५४ ला ३८ नर्सेस घेऊन तुर्कस्तानात स्कुतारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या, रात्री दिवा घेऊन फिरल्या आणि सैनिक वाचले. आकडे वेगळं सांगतात. बाई पोचल्यावर मृत्यू कमी नाही झाले, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दवाखान्यात येणाऱ्या शंभरांतले चाळीसहून जास्त मरत होते. जखमांनी नव्हे, जुलाब, कॉलरा आणि तापाने. इमारत उभी होती तुंबलेल्या गटारांवर. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं, त्यांनी गटारं धुतली, पाण्याच्या वाटेत सडलेलं जनावर काढलं, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत प्रमाण शंभराला दोनावर आलं. तोवर बाईंचा सगळा भर होता अन्न, चादरी, शर्ट, साबण आणि सामानाच्या कपाटाच्या किल्ल्यांवर. ते सगळं लागतंच, नाही असं नाही. पण लोक मरत होते ते पायाखालच्या घाणीने.

रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, हे वाचून पोटात कसं होतं. आपण तीन तास एखाद्याचा बिछाना बदलत, पाणी पाजत राहावं आणि सकाळी कळावं की चूक सलाइनच्या बाटलीत होती.

आता बाई मोठ्या कुठे आहेत ते बघा. परत आल्यावर त्यांनी विल्यम फार या आकडेशास्त्र्याला हाताशी धरलं, तक्ते काढले आणि स्कुतारीतलं मरण स्वतःच कागदावर मांडलं. १८५८ ची ती गोल पाकळ्यांची आकृती: निळी पाकळी टाळता येण्याजोग्या रोगांची, लाल जखमांची, काळी इतर कारणांची. निळ्याने सगळं व्यापलंय, लाल अगदी गाभ्याशी चिमूटभर. मी आईला म्हटलं, "ही निळी म्हणजे उगाच मेलेली माणसं." आई काही बोलली नाही, निळ्यावरून काचेवर बोट फिरवत राहिली. तिच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तेच होतं. बाई रडल्या की नाही माहीत नाही, पण मोजलं.

आणि मोजून गप्प नाही बसल्या. क्रायमियात लागलेल्या तापाने पुढची कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तिथून मंत्र्यांना पत्रांनी पळवलं. त्यांचे मंत्री-मित्र सिडनी हर्बर्ट मरणाला टेकले होते तरी काम सोडू नका म्हणून टोचत राहिल्या. ते १८६१ मध्ये गेले. आमच्या भाषेत, पेशंटला ताप असताना परेड. हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही, पण छावणीछावणीला प्रश्नावली धाडून १८६३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात लिहिलं की इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ मरतात आणि कारण हवा-उन्हाचं नाही, पाण्या-गटाराचं आहे. सुरुवात गोऱ्या शिपायांपासून झाली, पुढे नजर रयतेकडे वळली. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर कालवे आणि सावकारीवर तळमळून लिहिलं, खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. तरी राज्य इंग्रजांचंच असावं, फक्त नीट चालवावं, हे त्यांनी धरूनच चाललेलं. वसाहतींतल्या मूळच्या लोकांना मारून न टाकता सुधारायचं कसं, यावर त्यांनी १८६३ मध्येच निबंध लिहिला. सुधारायला सांगितलं कोणी, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

बाहेर आलो तर सिनियर मेरीपाशी बसून सँडविच खात होती. मेरी सीकोलचा पुतळा त्याच आवारात, नदीकडे आणि पार्लमेंटकडे तोंड करून. तीन मीटर उंच, पदर उडतोय असं वाटावं तशी ताडताड चालत निघालेली. मागे काशाची मोठी चकती आहे, क्रायमियातल्या जमिनीचा ठसा घेऊन ओतलेली. हा पुतळा लागला २०१६ मध्ये. पैसे जमवायला बारा वर्षं लागली, आणि नाइटिंगेलबाईंच्या काही चाहत्यांनी कडाडून विरोध केला की ही नर्स नव्हतीच, आणि बाईंच्या दवाखान्यात हिचा पुतळा कशाला.

मेरी १८०५ ची, जमैकातल्या किंग्स्टनची. आईकडून झाडपाल्याची औषधं शिकली, पनामात कॉलरा बघितला, मग लंडनला येऊन युद्धावर नर्स म्हणून घ्या म्हणाली. कोणी घेतलं नाही. तेव्हा स्वतःच्या पैशांनी गेली आणि बालाक्लावाजवळ "ब्रिटिश हॉटेल" काढलं. खाणं, दारू, औषधं, मलमपट्टी, सगळं एका छपराखाली. वाटेत स्कुतारीला एक रात्र थांबली, बाईंना भेटली. बाई नीट बोलल्या, झोपायची सोय धोबिणीच्या खोलीत झाली. त्या रात्रीच्या पिसवांबद्दल मेरीने लिहून ठेवलंय की अख्ख्या तुर्कस्तानात कष्टाळू म्हणावं असं हेच प्राणी. मला ही बाई तिथेच आवडली.

मग सिनियरने फोनवर ते पत्र दाखवलं. १८७० च्या ऑगस्टमधलं, बाईंनी मेहुण्याला, हॅरी व्हर्नींना लिहिलेलं. मेरीला काम देणारा पुष्कळ मायाळूपणा आणेल, पण सोबत पुष्कळ दारूबाजी आणि गैरवर्तनही आणेल, असा मतलब. तिच्या हॉटेलला कुंटणखाना म्हणणार नाही, पण त्याच्यापासून फार लांबचंही नाही, असंही. आणि वर शेरा: जाळून टाका. व्हर्नींनी जाळलं नाही.

"माझ्या आजीने ह्याच नाइटिंगेलच्या नावाचा बॅज छातीवर लावला होता," सिनियर म्हणाली. नंतर गप्प झाली. मला काय बोलावं कळेना. "त्या काळी सगळेच तसे होते" हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं आणि मी गिळलं. कारण ते खरं नाही. त्याच काळात टाइम्सचा बातमीदार रसेल मेरीबद्दल लिहीत होता की हिला इंग्लंड विसरणार नाही अशी आशा आहे. त्याचेच शब्द पुतळ्यावर कोरलेत. काळ तोच, माणसं वेगळी.

आणि मला आमच्या ट्यूटर मॅडम आठवल्या. नाव सांगत नाही. हॉस्पिटल कॉर्नर अंगात मुरेपर्यंत त्यांनी आम्हाला रात्री अकरापर्यंत बेड करायला लावले. पेशंटचा श्वास एक मिनिट पूर्ण मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, ही सवय त्यांची. त्या सवयीने २०२० मध्ये माझ्या हातून किमान एक माणूस वेळेत आयसीयूत गेला. त्याच मॅडम नंदुरबारकडच्या एका मुलीला तिच्या रंगावरून, बोलीवरून वर्गात उभं करून बोलायच्या. "तू हात धुतलेस तरी कसं कळायचं?" असं एकदा म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसले. ती मुलगी दुसऱ्या वर्षी परत आली नाही.

मॅडमचे उपकार आणि त्या मुलीची रिकामी कॉट, यांची वजाबाकी मला अजून जमलेली नाही. आणि म्हणूनच बाईंच्या बाबतीत "एवढं मोठं काम केलं, एक पत्र काय घेऊन बसलात" असं कोणी म्हटलं की मला चीड येते. तसंच "वंशवादी होती, उतरवा पुतळे" म्हटलं तरी. मॅडमनीच शिकवलेली एक गोष्ट मला इथे जास्त कामाची वाटते. चार्टमध्ये चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही, गिरगटून काळं करायचं नाही. एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते, सही, तारीख, वेळ. इथल्या दवाखान्यातही अगदी तेच. पुढच्या पाळीच्या सिस्टरला कळायला हवं की काय चुकलं होतं. बाईंच्या चार्टवर ते पत्र मला असं हवंय, एका रेघेखाली, वाचता येण्याजोगं. आकृतीने ते पत्र फिटत नाही, आणि पत्राने आकृती खोटी ठरत नाही.

मेरीच्या चार्टवरही रेघा आहेतच, सिनियरसमोर मी जरा भीत-भीतच म्हटलं. कॉलऱ्याला शिसं आणि पारा दिलेला. सुरुवातीच्या उपचारांत घोडचुका झाल्या हे तिने स्वतःच कबूल केलंय. ग्रीक लबाड, माल्टीज आळशी असंही लिहून गेलीय. सिनियर हसली. "माझी आजी पण गुजराती दुकानदारांबद्दल असंच बोलायची," म्हणाली. आईने विचारलं काय झालं, मी सांगितलं. आई म्हणाली, "मग काय, आपली आजी कुनाला सोडायची?" आपली आजी कोणाकोणाला काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईंचा आणखी एक हिशेब माझ्या वैयक्तिक खात्यावर आहे. नर्सेसची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून इथे लढा सुरू झाला तेव्हा बाई विरोधात होत्या. परीक्षेने आणि रजिस्टरने चांगली नर्स कळत नाही, तिचा स्वभाव कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कायदा झाला १९१९ मध्ये, त्या गेल्यावर नऊ वर्षांनी. बाईंचं कायमचं चाललं असतं तर तासगावच्या मुलीचा स्वभाव लंडनच्या कुठल्या मेट्रनने जाऊन बघितला असता? मला पिन मिळाला तो परीक्षेमुळे. तिचा पहिला भाग कॉम्प्युटरसमोर बसून दिला, माझा रंग आणि उच्चार न विचारता. इथे मी बाईंशी सरळ भांडते. तरीही त्या वाक्यात काहीतरी आहे, कारण ओएससीईत पैकीच्या पैकी मिळवणारे आणि पेशंटची बेल वाजली की फोनकडे बघणारे मीही पाहिलेत.

निघताना नदीकाठच्या भिंतीवरून गेलो. दवाखान्याला लागूनच कोविडमध्ये गेलेल्यांची भिंत आहे, एकेका माणसामागे हाताने रंगवलेलं एकेक लाल बदाम. सुरुवातीचे रंग उन्हापावसाने उडून गुलाबी झाले, स्वयंसेवक पुन्हा रंगवतात. सिनियर एका ठिकाणी थांबली, बोटाने काही नाव शोधलं, सापडलं नाही. बदाम होतं, नाव पुसलं होतं. तिने पर्समधून पेन काढलं. वॉर्डातलं, काळं बॉलपेन. भिंतीवर उमटलं जेमतेम.

परतीच्या ट्रेनमध्ये मी दोघींना बाईंचा आवाज ऐकवला. १८९० साली मेणाच्या नळकांड्यावर घेतलेला, बालाक्लावाच्या म्हाताऱ्या सैनिकांना मदत म्हणून. इंटरनेटवर सहज मिळतो. खरखर, आणि मागे एक सत्तर वर्षांची बाई शब्द तोलून बोलतेय: मी आठवणीतही उरले नाही, फक्त नाव उरलं, तेव्हा या आवाजाने माझं काम पुढे न्यावं. सिनियरने दोनदा ऐकला. काही बोलली नाही.

बाकी कामाचं: तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि उघडण्याचे दिवस बघून जा. पाय दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाण्याजोगं आहे, चालणं थोडं. मेरीचा पुतळा बघायला तिकीट लागत नाही, तो चुकवू नका; आधी तो बघा, मग आत जा, क्रम महत्त्वाचा. डबा न्या, नदीकाठी बाक आहेत, आम्ही धपाटे खाल्ले आणि सिनियरने दोन मागून घेतले. आई पुन्हा येईन म्हणतेय. पिंगळ्यासाठी.